तुम्हांला कोणी पाठविले?

गेल्या आठवड्याच्या टपालात लामत्याहून आलेले एक पत्र आमच्या मेजावर पडले. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, अक्षर जपून काढलेले. बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव. पूर्वी तेथून सातपुड्याची छोटी गाडी धापा टाकीत जात असे. आता रूळ रुंद झाले आहेत. १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा या तीन जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. त्यामुळे बाजारात हिंदी आणि घरात मराठी बोलणारी कुटुंबे त्या बाजूस अद्यापि आहेत. आमचे पत्रलेखक त्यांपैकीच एक. शेती धानाची, घरात वृद्ध माय, पत्नी आणि तीन मुले. ख्रिस्तमंदिर दूर. धर्मगुरूंचे येणे महिन्या-दीड महिन्याने, आणि पावसाळ्यात नाले भरले म्हणजे तेही नाही.

पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. रोवणी आटोपल्यावर एके दिवशी गाडीने एक गृहस्थ गावात आले. पांढरा झगा, कमरेस जांभळा पट्टा, गळ्यात मोठा क्रूस. सोबतच्या तरुणांनी त्यांची ओळख 'बिशप' म्हणून करून दिली. कोणत्या धर्मप्रांताचे बिशप, हे कोणी विचारले नाही. त्यांचा गळा चांगला आणि बोलणे त्याहूनही चांगले. तीन रात्री आमच्या पत्रलेखकाच्याच ओसरीवर प्रार्थना झाली. तिसऱ्या रात्री त्यांनी मिस्सासारखा काही विधीही केला व सर्वांस भाकर वाटली. तान्हेपणी घेतलेला बाप्तिस्मा खोटा आहे, तो मोठेपणी पुन्हा घेतलाच पाहिजे. जपमाळ फेकून द्यावी. उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्यांच्या सेवाकार्यास दिल्यास पुढच्या हंगामी धान दुप्पट होईल, अशी त्यांची शिकवण. असे असूनही घरातील धाकट्या बाळाचा राहिलेला बाप्तिस्मा मात्र घरच्यांनी विनविताच त्यांनी नदीकाठी उरकून दिला. (तान्ह्यांचा बाप्तिस्मा खोटा असेल, तर हा कसा खरा, हे विचारण्याचे त्या गर्दीत कोणास सुचले नाही.) आणि पत्राच्या तिसऱ्या पानावर, जणू सहज आठवले म्हणून, एक ओळ आहे: मायने क्षयाच्या गोळ्या त्या दिवसापासून बंद केल्या आहेत, बिशपसाहेबांनी मस्तकावर हात ठेवल्यावर गोळी गिळणे म्हणजे देवावर अविश्वास, असे तिला सांगण्यात आले.

पत्रलेखक तीन प्रश्न विचारतात. आम्ही त्या प्रार्थनेस बसलो हे पाप झाले काय? बाळाचा बाप्तिस्मा खरा की खोटा? आणि तो मनुष्य पुन्हा आला, तर दारात त्याला काय म्हणावे?

गोळ्यांविषयी त्यांनी काहीच विचारलेले नाही. आम्ही मात्र उत्तरास आरंभ तेथूनच करतो. पत्र वाचले त्याच दिवशी आम्ही स्वतंत्र टपालाने त्यांना कळविले आहे की, प्रथम मायला घेऊन सरकारी दवाखाना गाठा. धर्माचा निवाडा मागाहून करू. क्षयाचे औषध साधारणतः सहा महिने न चुकता घ्यावे लागते. दीड-दोन महिन्यांतच खोकला उतरतो, भूक लागते, अंगावर थोडे मांस धरते, आणि रोग्यास वाटते की आपण बरे झालो. नेमक्या याच वेळी कोणी मस्तकावर हात ठेवला, तर यश त्या हाताला मिळते. फुप्फुसात दडलेले जंतू मेलेले नसतात. औषध मध्येच सोडल्यास ते पुन्हा उसळतात आणि पुष्कळदा मग पूर्वीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. त्याच घरात तान्हे बाळ आहे, हे आम्ही विसरू शकत नाही. ही औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. तेव्हा खर्चाचेही निमित्त नाही.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, त्याला पवित्र तेल लावावे, ही तर आपल्या ख्रिस्तसभेची प्रेषितांपासूनची चाल. रुग्णाभ्यंग हा सात संस्कारांपैकी एक आहे. परंतु तेल लावणाऱ्या कोणत्याही खऱ्या धर्मगुरूने औषधाची बाटली फोडावयास सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सिराकच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय वाचकांनी काढून पाहावा. वैद्याचा मान ठेवा, त्याला देवानेच निर्माण केले आहे आणि जमिनीतून औषधेही देवानेच उपजविली आहेत, असे तेथे स्पष्ट शिकविले आहे. आणि त्याच ठिकाणी आजारात प्रार्थना करण्याचाही उपदेश आहे. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगितल्या आहेत. संत लूक स्वतः वैद्य होता, ही परंपरा तर बालवर्गातील मुलेही सांगतील.

आता मूळ गोष्टीकडे वळू. खोटा शिक्षक ओळखावा कसा? झग्यावरून ओळखता येत नाही, कारण झगा शिंपी शिवून देतो. आवाजावरून नाही, पवित्र शास्त्राच्या पाठांतरावरूनही नाही. रानात प्रभूला मोहात पाडणाऱ्या सैतानालाही शास्त्रवचने तोंडपाठ होती. चमत्काराच्या गोष्टींवरून तर मुळीच नाही. प्रभूने आपणांस मेंढरांच्या वेषातील लांडग्यांविषयी अगोदरच सावध केले आहे, आणि शेवटच्या दिवशी पुष्कळ लोक त्याच्या नावाने केलेल्या अद्भुत कृत्यांची यादी घेऊन उभे राहतील, पण तो त्यांना ओळख देणार नाही, हेही सांगून ठेवले आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एक साधा प्रश्न आहे: पाठविल्यावाचून कोणी उपदेश कसा करील? आमच्या मते सारी मेख त्या 'पाठविल्यावाचून' या शब्दात आहे. पित्याने पुत्राला पाठविले, पुत्राने प्रेषितांना, प्रेषितांनी हात ठेवून आपल्या मागून येणाऱ्यांना. ही साखळी जेथे तुटते, तेथे मनुष्य स्वतःच स्वतःला पाठवितो.

हे केवळ तत्त्वज्ञान नव्हे. धर्मगुरू होण्यास सेमिनरीत कित्येक वर्षे काढावी लागतात. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात असे विद्यालय असावे, असा ठराव केला. तो करण्याचे कारणच हे की, त्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी न शिकलेली माणसे वेदीपाशी उभी राहत होती आणि त्यांची फळे ख्रिस्तसभेने चांगलीच भोगली होती. इतके करूनही अनोळखी धर्मगुरू दुसऱ्याच्या चर्चमध्ये मिस्सा करू इच्छील, तर त्याच्यापाशी आपल्या वरिष्ठांचे, एका वर्षाच्या आतले शिफारसपत्र असावे, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ९०३ व्या कलमात सांगितले आहे. त्या कागदास 'सेलेब्रेत' म्हणतात. खरा धर्मगुरू कागद मागितल्यास रागावत नाही. आमच्या ओळखीचे एक वृद्ध फादर प्रवासास निघताना तो कागद औषधाच्या डबीत ठेवीत, कारण दोन्ही विसरून चालत नाही, असे ते म्हणत.

येथे आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. तरुणपणी आमच्या गावी असेच एक अनोळखी 'फादर' आले होते. इंग्रजी फर्डे, बूट चकचकीत. त्या दिवशी गावचे धर्मगुरू बाहेरगावी होते, आणि चर्चच्या किल्ल्या आमच्याकडे होत्या. कागद मागणे आम्हांस उद्धटपणाचे वाटले. खरे सांगावयाचे तर त्यांनी आम्हांस 'मास्टर' म्हणून हाक मारली, त्याने आम्ही खूष झालो. त्यांनी मिस्सा केली, दूर कोठे तरी चॅपेल बांधण्यासाठी वर्गणी घेतली, आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. ते धर्मगुरू नव्हतेच, हे महिन्याभराने कळले. पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही. त्या सकाळी एका म्हातारीने त्यांच्यापाशी पापनिवेदन केले होते. खऱ्या धर्मगुरूपाशी ते पुन्हा करण्याचे राहून गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात ती वारली. देव दयाळू आहे. तिचा भाव खरा होता. तिची आम्हांस चिंता नाही. परंतु किल्ल्या आमच्या हातात होत्या.

तरीही, असे सगळे उपरे भामटेच असतात, असे वाचकांनी समजू नये. भामट्याची गोष्ट सोपी असते. अवघड गोष्ट असते ती सज्जन माणसाची. आणि तशी एक गोष्ट आपल्या शेजारच्या गोमंतकात घडलेली आहे.

एके काळी पश्चिम हिंदुस्थानातील कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. बिशप नेमण्याचा हक्क पूर्वीच्या पोपमहाशयांनी पोर्तुगालच्या राजास दिला होता, त्यास पद्रुआदो म्हणत. पुढे रोमने धर्मप्रसारासाठी आपले स्वतःचे अधिकारी पाठविले, त्यांची सत्ता 'प्रोपागांदा'ची. १७९४ पासून मुंबईत या दोन्ही सत्ता शेजारी शेजारी नांदत, किंवा खरे तर भांडत. एका रस्त्याच्या दोन बाजूंस दोन चर्चे, आणि एकाच घरातील दोन भाऊ दोन बिशपांचे. हे प्रकरण १९२८ च्या करारापर्यंत पुरते मिटले नाही. मध्यंतरी १८८६ साली रोम व पोर्तुगाल यांच्यात जो तह झाला, त्याने लंकेतील व इतर ठिकाणची काही चर्चे गोव्याच्या सत्तेखालून काढून घेतली. तेथील लोकांना ते रुचले नाही. त्यांनी अर्ज केले. अर्जांचा उपयोग झाला नाही.

या लोकांचे पुढारीपण ज्यांच्याकडे आले, ते फादर आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस, गोव्यातील वेर्णे गावचे, १८३६ चा जन्म. ते आळशी किंवा लोभी नव्हते. वर्तमानपत्रे काढून त्यांनी राज्यकर्त्यांवर आणि वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांवर कडक टीका केली. परिणामी त्यांना शिक्षा झाली आणि अखेर ते ख्रिस्तसभेतून बाहेर पडले. १८८९ साली कोट्टयम येथे सुरियानी परंपरेच्या बिशपांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. लंका, गोवा व हिंदुस्थानचे मार जूलियस असे त्यांचे नाव झाले. पुढे ते गोव्यास परतले. पटकीच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, महारोग्यांना जवळ घेतले, दुष्काळात गरिबांना कसावाचे कंद लावावयास शिकविले. १९२३ साली रायबंदरच्या इस्पितळात, अगदी गरिबीत, त्यांचा अंत झाला. त्यांच्या अंत्ययात्रेस सर्व धर्मांचे लोक लोटले होते. आज मलंकर ऑर्थोडॉक्स बंधू त्यांना संत मानतात आणि रायबंदरला त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करतात.

अशा माणसाविषयी वाकडा शब्द लिहावयास आमची लेखणी धजत नाही. त्यांची तक्रार पोकळ नव्हती, त्यांची सेवा दिखाऊ नव्हती. आणि पौर्वात्य परंपरेची गुरुदीक्षाही आपली ख्रिस्तसभा खरी मानते. परंतु एकदा मूळ आज्ञेपासून सुटलेली दोरी पुढे कोणाच्या हातात जाईल, हे ती सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही. १८९२ च्या मे महिन्यात कोलंबो येथे त्याच आल्वारिसांनी, इतर दोन बिशपांसह, एका फ्रेंच गृहस्थास बिशप केले. त्याचे नाव झोझेफ रेने व्हिलात. पॅरिस शहरी जन्मलेला हा मनुष्य अमेरिकेतून आला होता. कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, जुने कॅथलिक, एपिस्कोपल, अशी अनेक दारे त्याने तोवर ठोठावून पाहिली होती. कोलंबोहून तो बिशपाची टोपी घेऊन परत गेला आणि पुढे त्याने आणखी बिशप केले. त्यांनी आणखी केले. आज जगभर ज्यांना धर्मप्रांत नाही, लोक नाहीत, कधी कधी चर्चही नाही, असे कित्येक 'बिशप' आपली वंशावळ व्हिलातपर्यंत आणि तेथून आल्वारिसांपर्यंत नेऊन पोचवितात. गोव्याच्या एका दुखावलेल्या धर्मगुरूच्या मनातही हे नसणार. स्वतः व्हिलात १९२५ साली रोमशी समेट करून फ्रान्समध्ये व्हर्सायजवळच्या एका मठात जाऊन राहिला व १९२९ साली तेथेच वारला. तो परतला, त्याने सोडलेली साखळी परतली नाही.

या व्हिलातचे मूळ कार्यक्षेत्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात होते, आणि ते वर्णन वाचताना आम्हांस सारखे लामते दिसत होते. बेल्जियमहून आलेली गरीब शेतकरी कुटुंबे, चहूंकडे दाट रान, हिवाळ्यात बंद पडणारे रस्ते, आणि धर्मगुरू क्वचित येणारे. मुलांना क्रूसाची खूणही नीट येत नव्हती. अशा भुकेल्या ठिकाणी व्हिलातसारख्याचे फावले, यात नवल नाही.

परंतु त्याच रानात, त्याच वस्तीत, त्याच्या आधीपासून आणखी एक व्यक्ती हिंडत होती. आदेल ब्रीस नावाची ही अविवाहित मुलगी. बालपणी झालेल्या अपघाताने एक डोळा गेलेला, शिक्षण बेताचे. १८५९ साली तिला पवित्र मरियेचे दर्शन झाले. या रानटी मुलुखातील मुलांना गोळा कर, त्यांना तारणासाठी जे अवश्य ते शिकव, असा तिला आदेश मिळाला. (हे दर्शन विश्वासास पात्र असल्याचा निर्णय ग्रीन बेच्या बिशपांनी २०१० साली दिला.) तिने काय केले? ती घरोघर पायी गेली. बर्फातून, चिखलातून, मैलोगणती. ज्या घरी जाई तेथील धुणी-भांडी करू लागे आणि मोबदला म्हणून एवढेच मागे की मुलांना धर्मशिक्षण देऊ द्या. तिने झगा चढविला नाही, वेदीपाशी उभी राहून मिस्सा केली नाही, बाप्तिस्मे उरकले नाहीत. आपल्या अधिकारात काय आहे व काय नाही, हे त्या अर्धशिक्षित मुलीला नेमके ठाऊक होते. धर्मगुरूची जागा तिने घेतली नाही. ते येईपर्यंत तिने मुलांना तयार ठेवले.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे, आणि ते तर आपल्या मराठी भाषेचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइत १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली वारले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापले गेले. मराठी ओव्या सुमारे अकरा हजार. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांस पूर्वीची पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी कान भरेल, मनात राहील असे काही हवे होते. स्टीफन्स यांनी ते दिले. पुढे टिपू सुलतानाने १७८४ साली कानडा मुलुखातील ख्रिस्ती कुटुंबे धरून श्रीरंगपट्टणास नेली व १७९९ पर्यंत ती तेथे बंदीत राहिली. त्या काळात या पुराणाचे वाचन-गायन हाच त्यांच्या श्रद्धेचा मोठा आधार होता, असे तेथील ख्रिस्ती लोक परंपरेने सांगत आले आहेत. त्यांची बोली कोंकणी. पण पुराण मराठी. पंधरा वर्षे वेदीची वाण असतानाही घरातल्या घरात शिकवण जिवंत राहू शकते. लामत्याच्या बंधूंनो, आपल्याकडे तर महिन्या-दीड महिन्याने का होईना, फादर येतात.

मात्र ही वाक्ये लिहिताना आम्हांस एका गोष्टीची लाजही वाटते. दूरच्या खेड्यातील माणसास घरातल्या घरात श्रद्धा जपण्याचा उपदेश करणे, शहरात चर्चच्या सावलीत बसलेल्या स्तंभलेखकास सोपे आहे. तुमच्या ओसरीवर तीन रात्री जी गर्दी जमली, ती उगीच जमली नाही. त्या माणसाने मायच्या मस्तकावर हात ठेवला. आपल्यापैकी कोणी गेल्या सहा महिन्यांत ठेवला होता काय? खोट्या मेंढपाळाला कुंपणातील जी फट सापडते, ती पुष्कळदा आपणच मोकळी सोडलेली असते. आल्वारिसांच्या वेळी अर्जांना उत्तरे मिळाली असती, तर पुढचे सारे घडले असते का, हा विचार आमच्या मनातून जात नाही. हे आम्ही येथे छापीत आहोत ते फादरांच्या, धर्मभगिनींच्या आणि धर्मप्रांताच्या कचेरीच्याही वाचनात यावे म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाचे पद हे ख्रिस्तसभेतील एक अधिकृत सेवापद म्हणून स्थापन केले. लामत्यासारख्या गावातील एखाद्या समजूतदार स्त्री-पुरुषास शिकवून, आशीर्वाद देऊन, बिशपांच्या नावाने तेथे उभे करता येईल. मग त्यालाही पाठविणारा कोणी असेल.

प्रॉटेस्टंट बंधूंविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, नाही तर आमच्या लिहिण्याचा विपर्यास होईल. त्या मुलुखात त्यांच्या मिशनांनी शाळा आणि दवाखाने चालविले आहेत. त्यांचे पाळक शिकलेले असतात, त्यांच्या मंडळीस जबाबदार असतात. त्यांच्याशी आपला काही शिकवणींत मतभेद आहे, परंतु त्यांना आम्ही भामट्यांच्या रांगेत बसवीत नाही. आम्ही बोलतो आहोत ते कोणासही जबाबदार नसलेल्या माणसाविषयी. आणि असा माणूस दुसऱ्याही प्रकारे घातक ठरतो. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ सालचा. त्याच्या जागी २०२१ चा नवा, अधिक कडक कायदा आला आहे. प्रलोभनाने किंवा फसवणुकीने केलेले धर्मांतर त्याखाली गुन्हा ठरते. दुप्पट धान आणि हमखास आरोग्य यांची जाहीर आश्वासने देऊन हे गृहस्थ गाडीत बसून निघून जातात. चौकशीस शिपाई येतो तो ज्यांच्या ओसरीवर सभा झाली त्यांच्या घरी.

आता प्रश्नांकडे. पाप झाले काय? फसवणुकीने, भल्या भावाने, प्रार्थनेच्या ओढीने तुम्ही बसलात. जेथे जाणूनबुजून केलेला अपराध नाही, तेथे मोठे पाप नाही. मात्र फादर आले म्हणजे सर्व हकीकत त्यांना सांगा, काही लपवू नका. तो मनुष्य धर्मगुरू नसेल, तर त्याने वाटलेली भाकर ही भाकरच होती. ती खाल्ल्याने काही बिघडले नाही, आणि त्या दिवशी प्रभूचे शरीर तुम्हांस मिळालेही नाही.

बाळाच्या बाप्तिस्म्याची गोष्ट निराळी आहे. या संस्काराचे दार प्रभूने फार रुंद ठेवले आहे. अडचणीच्या वेळी सुईणसुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते. इतकेच नव्हे, तर स्वतः बाप्तिस्मा न घेतलेला मनुष्यही, ख्रिस्तसभेला अभिप्रेत तेच करण्याची त्याची इच्छा असल्यास, देऊ शकतो. चौथ्या-पाचव्या शतकांत आफ्रिकेतील दोनातपंथी म्हणू लागले की, अयोग्य माणसाच्या हातचा संस्कार फुकट जातो. संत आगुस्तीनने वर्षानुवर्षे त्यांच्याशी वाद करून दाखवून दिले की, बाप्तिस्मा देणारा खरोखर ख्रिस्त आहे. हात कोणाचाही असो. तेव्हा पाहावयाचे ते एवढेच: बाळाच्या मस्तकावरून पाणी वाहिले काय, आणि त्याच वेळी पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांची नावे नीट उच्चारली गेली काय? काही पंथ केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात; तो ख्रिस्तसभा मानीत नाही. शब्द लहान वाटतात, पण ते लहान नसतात. ६ ऑगस्ट २०२० रोजी रोमहून खुलासा प्रसिद्ध झाला की, 'मी तुला बाप्तिस्मा देतो' याच्या ऐवजी 'आम्ही' असे म्हटल्यास तो बाप्तिस्मा होत नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका तरुण धर्मगुरूंनी त्यानंतर आपल्या बालपणीचे चलत्चित्र पाहिले, तो त्यात 'आम्ही'च निघाले. बाप्तिस्मा नाही म्हणून गुरुदीक्षाही नाही. बिचाऱ्यांना सर्व संस्कार पहिल्यापासून घ्यावे लागले. (या स्तंभात आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतो, ती केवळ वर्तमानपत्री रूढी आहे, तिने कोणाचे तारण अडत नाही.) तेव्हा नदीवर जे हजर होते, त्यांनी ऐकलेले शब्द आठवून कागदावर लिहून ठेवावेत, आणि तो कागद फादरांना द्यावा. ते चौकशी करतील. शंका उरलीच, तर अटीवर बाप्तिस्मा देण्याची सोय आहे. तोवर बाळाच्या आईने काळजी करू नये.

राहिला तिसरा प्रश्न. प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात अपुल्लो नावाचा एक वक्ता येतो. मोठा विद्वान, आवेशाने बोलणारा. परंतु त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचे काही ठाऊक नव्हते. सभेत प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपे बसले होते. तंबू शिवून पोट भरणारी माणसे. त्यांना त्याची चूक कळली. त्यांनी त्याला भर सभेत खाली बसविले नाही, की गावाबाहेरही काढले नाही. आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. अपुल्लोने तो ऐकून घेतला, हे त्याचे मोठेपण. त्यापुढे तो जेथे गेला, तेथे बंधुजनांचे पत्र घेऊन गेला.

तेव्हा तो मनुष्य पुन्हा आला, तर त्याला दारातून हाकलू नका. पाणी द्या, बसावयास घोंगडी घाला, घरात असेल ते खावयास वाढा. गावात तो उपाशी राहिला असे होऊ नये. मग त्याला विचारा, आपण कोणत्या धर्मप्रांताचे? आपल्याला कोणी पाठविले? आणि तो कागद पाहावयास मागा. उत्तर मिळेपर्यंत ओसरीवर सभा नाही, कोणाच्या मस्तकावर हात नाही, आणि दहावा हिस्सा तर नाहीच. बोलणे चालू असता मायच्या गोळीची वेळ झाली, तर ती त्याच्यासमोरच द्या.